“बाई, भूकंपावर काही आहे का?”

मधल्या सुट्टीत भूगोलाचे सर ग्रंथालयाच्या दारातूनच विचारतात. सोमवारी धडा घ्यायचा असतो, टाचण अर्धवट असतं. ग्रंथपाल बाई लगेच कपाटाकडे वळत नाहीत. “कारणं सांगायचीत की परिणाम? तुम्हाला वाचायला हवंय की मुलांच्या हातात द्यायला?” शालेय ग्रंथपालाचं निम्मं कसब मला या विचारण्यात दिसतं.

ड्यूई दशांश वर्गीकरणात भूकंप एका जागी सापडत नाही. त्याचं शास्त्र 551.22 मध्ये, आपत्ती आणि मदतकार्य 363.34 मध्ये, आणि त्यावर मराठीत कुणी कथा-कविता लिहिली असेल तर ती 891.46 मध्ये. मोकळ्या तासाला तीन कपाटं धुंडाळणं शिक्षकाला कुठून जमणार? बाई सगळं एका टेबलावर मांडतात आणि वर कात्रणांची फाइल ठेवतात. तिच्यात 11 डिसेंबर 1967चा कोयनेचा भूकंप असतो, 30 सप्टेंबर 1993च्या पहाटेचा किल्लारीचाही. गणेश विसर्जन उरकून माणसं नुकती झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्यांचं ओझं त्यांच्यावर कोसळलं. जमीन हादरणं आणि माणूस मरणं यांच्या मधे घराचं बांधकाम येतं, हे त्या कात्रणांतून मुलांना चटकन कळतं.

तीच फाइल पुढे मराठीच्या बाईंकडे बातमीलेखनासाठी जाते. तीव्रतेच्या मापनात एक अंक वाढला की कंपनाचा आवाका दहापट होतो, म्हणून घातांक शिकवणाऱ्या सरांनाही ती दाखवली जाते. कोणत्या वर्गात काय चाललंय हे साऱ्या विषयांच्या बाजूने कळण्याची जागा शाळेत बहुधा हीच.

एस. आर. रंगनाथन स्वतः गणिताचे प्राध्यापक होते. 1924 साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या 1931च्या पंचसूत्रीतला चौथा नियम. शाळेत तो वाचक बहुतेकदा शिक्षक असतो.

म्हणूनच ग्रंथपालाला बदली तासाला पाठवून ग्रंथालयाला कुलूप लागतं, तेव्हा मला राग येतो. एका वर्गाची सोय होते, आणि दारात आलेले चार शिक्षक परत जातात. अर्धवेळ ग्रंथपालाला तर देवघेव आणि दाखलनोंदवही संपवायलाच दिवस पुरत नाही.

धडा झाल्यावर सर पुस्तकं परत आणतात. बाई विचारतात, “काय चाललं वर्गात?” उत्तर एका चिठ्ठीवर उतरतं: नकाशा उपयोगी, तक्ता मुलांना जड. ती चिठ्ठी फाइलच्या आतल्या बाजूला चिकटवली जाते, पुढच्या वर्षी भूगोल घेणाऱ्यासाठी.