जुनी छऱ्याची बंदूक कशी ओळखावी?

आजोबांच्या पश्चात माळ्यावर छऱ्याची जुनी बंदूक, म्हणजेच एअर रायफल, सापडली की घरात दोन प्रश्न निघतात. ही कोणती? आणि हिची किंमत किती? तेवढ्यात कुणीतरी पॉलिश पेपरने गंज घासू लागतो. ते मात्र होऊ देऊ नका.

प्रथम सुरक्षितता. बंदूक भरलेलीच आहे असे समजा. जाणकार मोठ्या माणसाने ती रिकामी असल्याची खात्री केल्याशिवाय तिला हात लावू नका.

आता तिचे कार्य पाहू. अशा बहुतेक जुन्या बंदुकांत जाड स्प्रिंग असते. नळी किंवा खालचा दांडा ओढला की स्प्रिंग दाबली जाऊन तिच्यात स्थितिज ऊर्जा साठते. चाप ओढताच दट्ट्या वेगाने पुढे सरकतो. त्याच्यापुढील हवा एकदम दाबली जाऊन तापते व छऱ्याला बाहेर ढकलते. छर्रा नसेल तर हवा नळीतून सहज निसटते. दट्ट्याला थोपवणारी हवेची गादी तयार होत नाही आणि तो नळकांड्याच्या टोकावर आदळतो. म्हणून नुसते 'चालते का' हे पाहण्यासाठी चाप ओढू नये. नळकांड्यात तेलही ओतू नये. तापलेल्या हवेत ते पेट घेऊ शकते.

ओळख पटते ती कोरलेल्या अक्षरांवरून. 'डायना' हे नाव घ्या. ही मूळची जर्मनीतील रास्टाट गावच्या कारखान्याची खूण. देवी धनुष्य फेकून बंदूक उंचावते, असे तिचे चित्र. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर हे नाव व यंत्रसामग्री ब्रिटनमध्ये गेली आणि स्कॉटलंडमधील मिलब्रो कंपनी 'डायना' बंदुका बनवू लागली. त्या काळात जर्मन बंदुका ब्रिटनमध्ये 'ओरिजिनल' या नावाने विकल्या जात. तेव्हा केवळ नाव पुरेसे नाही. देशाचे नाव, मॉडेलचा क्रमांक आणि युद्धोत्तर जर्मन बंदुकांवर आढळणारे महिना-वर्षाचे बारीक आकडेही शोधावे लागतात. पॉलिश पेपर नेमके हेच पुरावे पुसून टाकतो!

यानंतर नळीचा आतील व्यास. बंदूक रिकामी असल्याची खात्री झाल्यावर तो व्हर्नियरने मोजता येतो. ४.५ व ५.५ मिलिमीटर ही नेहमीची मापे. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठा व्यास किंवा २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा असेल, तर परवाना लागतो. अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदाला १७० मीटर वेगाने सुटला तर त्याची ऊर्जा किती?

½ × ०.०००५ × १७० × १७० = सुमारे ७.२ ज्यूल.

म्हणजे ऊर्जा मर्यादेत असूनही केवळ व्यासामुळे परवाना आवश्यक ठरू शकतो. म्हणून बंदूक विकण्यापूर्वी, किंवा कुणाला देण्यापूर्वी, वडीलधाऱ्यांनी पोलीस ठाण्यात चौकशी करावी.

राहिली किंमत. विक्रेता मागतो तो आकडा धरू नका. त्याच मॉडेलची, तशाच स्थितीतील बंदूक प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते पाहा. मूळचा दस्ता, मूळचे स्क्रू आणि धातूवरील मूळची निळसर काळी झिलई शाबूत असेल तर संग्राहक अधिक मोल देतात. चकचकीत नवी झिलई बहुधा किंमत घटवते. बाहेरून तेलाचा हलका हात फिरवा, खुणांचे छायाचित्र घ्या, आणि ती आजोबांकडे कधी व कोठून आली हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून ठेवा.