पडद्यावरील पायवाटा

आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. संगणकावरचे खेळ हा पोरासोरांचा उद्योग. त्यावर व्याख्यान कशाला, असे मनात येणे साहजिक आहे. परंतु ज्यांना आपण पोरे म्हणतो त्यांच्यातील पुष्कळ जण आज चाळिशी-पन्नाशीला पोचले आहेत, आणि पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नसलेल्या एका देशाच्या वाटा आठवून ते हळहळतात. ही हळहळ नेमकी कशाची, एवढेच आपल्याला पाहावयाचे आहे.

या खेळांचे मूळ इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात सापडते. १९७८ साली रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघा विद्यार्थ्यांनी केवळ शब्दांनी उभे केलेले एक जग रचले. त्यात एकाच वेळी अनेकांना वावरता येई. चित्रे नव्हती, ‘उत्तरेला जा’ असे लिहिले की उत्तरेकडील जागेचे वर्णन पुढे येई. याच बार्टलने १९९६ साली खेळाडूंचे चार स्वभाव सांगितले : कोणी यश जमवतो, कोणी माणसे जमवतो, कोणी दुसऱ्यांना छळतो, आणि कोणी नुसता हिंडतो, कोपरेकापरे धुंडाळतो. आपला आजचा नायक हा चौथा.

पुढे चित्रे आली, आणि मार्च १९९९ मध्ये अमेरिकेत ‘एव्हरक्वेस्ट’ नावाचा खेळ सुरू झाला. दरमहा वर्गणी भरायची, आपले एक पात्र निवडायचे आणि नॉराथ नावाच्या जगात उतरायचे. खेळाचा हेतू म्हणाल तर राक्षस मारावेत आणि बळ वाढवावे. पण जुने खेळाडू गप्पांना बसले, की राक्षसांपेक्षा रस्त्यांच्याच गोष्टी जास्त निघतात. याचे कारण त्या रस्त्यांच्या रचनेत आहे.

पश्चिम किनाऱ्यावर कीनॉस हे नगर आणि पूर्व किनाऱ्यावर फ्रीपोर्ट. (कीनॉस हे नाव रोमन लिपीत उलटे वाचले तर त्यातून मालक कंपनीचे नाव निघते! कारागीर लोक आपली खूण अशी ठेवून जातात.) या दोहोंच्या मध्ये कराना नावाची अफाट माळराने, मग हायपासचा डोंगरी घाट, मग किथिकॉरचे अरण्य, आणि त्यापलीकडे कॉमनलँड्सचा मुलूख. नव्या खेळाडूने हे सर्व पायी तुडवायचे. माळावर राक्षस आणि गरुडमुखी सिंह फिरत असत. नवख्याला ते एका फटक्यात लोळवीत. किथिकॉरचे अरण्य दिवसा बरे, पण रात्र पडताच तेथे प्रेतात्मे उठत. म्हणून जाणता प्रवासी अरण्याच्या सीमेवर थांबे आणि खेळातला सूर्य उगवण्याची वाट पाही. त्यातून मनुष्यजातीचे पात्र घेतले असेल, तर त्याला अंधारात दिसतच नसे. पडदा काळाकुट्ट होई, आणि हाती कंदील नसेल तर चाचपडणे आले.

आणि नकाशा? खेळात नकाशा नव्हताच! दिशा ओळखणे हेदेखील एक कौशल्य असून ते सरावाने वाढवावे लागे. कित्येकांनी शेजारी वही ठेवून स्वतःच्या हाताने नकाशे काढले. वाटेत मरण आले, तर पात्र दूरवर नेमलेल्या ठिकाणी पुन्हा जिवंत होई. पण त्याचे सामानसुमान, शस्त्रे, सारे काही त्या प्रेतापाशीच पडलेले असे. मग उघड्या अंगाने त्याच धोक्याच्या जागी परत जाऊन ते आणायचे, आणि तेही मुदतीच्या आत. हे एकट्याला जमत नसे. वाटेवरच्या अनोळखी माणसाला हाक घालावी लागे, आणि नवल असे की बहुधा कोणी तरी थांबे.

समुद्र ओलांडायचा तर जहाज. फ्रीपोर्टच्या धक्क्यावर उभे राहायचे, जहाज केव्हा येईल ते येईल. कोकणच्या आगबोटीसाठी ज्यांनी धक्क्यावर तिष्ठत रात्र काढली आहे, त्यांना याची कल्पना द्यावयास नको. मग ‘अश्रूंचा सागर’ पार करीत फेडवर खंडाकडे जायचे. वाटेत बेटे लागत, आणि त्यांपैकी एकावर एकाक्ष राक्षस राही. जहाजावर करण्यासारखे काहीच नसे. म्हणून लोक बोलत. कोठून आलास, कोठे निघालास, तिकडे कोणते संकट आहे, अशी विचारपूस होई. ज्यांना घाई असे त्यांच्यासाठी मांत्रिक होते. काही पात्रांना दूरस्थ ठिकाणी क्षणात पोचवण्याची विद्या होती. ते त्यासाठी नाणी घेत, कधी ओळखीखातर फुकटही नेत. म्हणजे अंतराच्या आधारावर एक व्यवसाय, एक समाज उभा होता.

हे सारे मोडले कोणी? कोणा दुष्टाने नव्हे. खेळाडूंनीच मागणी केली. दिवसभर नोकरी करून रात्री तासभर मोकळा मिळालेल्या माणसाचा अर्धा तास जहाजाची वाट पाहण्यात गेला, तर त्याने चिडू नये काय? त्याची तक्रार खोटी नव्हती. ऑक्टोबर २००२ मध्ये एव्हरक्वेस्टचा एक नवा भाग निघाला. त्यात नगरांजवळ एकेक पुस्तक ठेवले होते. पुस्तकाला हात लावला की मध्यवर्ती नगरी, आणि तेथून हव्या त्या शहराचे द्वार. पुढल्याच वर्षी खेळात नकाशाही आला. कराना होते तेथेच राहिले, पण त्यातून चालण्याचे कारण उरले नाही. मांत्रिकांचे गिऱ्हाईक गेले, धक्क्यावरची बैठक मोडली.

नोव्हेंबर २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने आरंभी मोठा शहाणा मध्यम मार्ग काढला होता. तेथे पक्ष्यावर बसून उडत जाता येई. परंतु ज्या ठाण्यावर उतरायचे, तेथे आधी एकदा पायी पोचलेले असावे लागे. उडतानाही खालचा मुलूख दिसत राही. माझ्या मते या खेळाच्या रचनाकारांची ही सर्वांत सुज्ञ कल्पना. परंतु डिसेंबर २००९ मध्ये तेथेही अशी सोय आली, की नाव नोंदवून बसावे, यंत्राने निरनिराळ्या सर्व्हरांवरचे पाच जण जमवावेत आणि थेट गुहेत नेऊन सोडावे. काम उरकले की पाच जण पाच दिशांना. पुन्हा भेट होण्याचा संभव जवळजवळ नाही, तेव्हा सौजन्याची किंवा नाव राखण्याची गरज काय?

१६८८ साली योहानेस होफर या वैद्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला, तो घरच्या ओढीने झुरणाऱ्यांच्या आजारासाठी. त्याचा उपाय सरळ होता : रोग्याला घरी पाठवा. आपल्या खेळाडूंच्या बाबतीत हा उपाय प्रत्यक्ष करून पाहता आला. २००९ साली काही हौशी मंडळींनी जुने एव्हरक्वेस्ट जसेच्या तसे उभे केले, आणि २०१५ मध्ये मालक कंपनीने त्याला मान्यताही दिली. वॉरक्राफ्टच्या कंपनीचा एक अधिकारी २०१३ साली भर सभेत म्हणाला होता, की जुना खेळ हवा असे तुम्हांला वाटते, पण तो तुम्हांला खरोखर नको आहे. त्याच अधिकाऱ्याने २०१७ मध्ये जुन्या खेळाची घोषणा केली! ऑगस्ट २०१९ मध्ये तो सुरू झाला आणि इतकी गर्दी लोटली, की एकेक शत्रू मारण्यासाठी खेळाडू शिस्तीने रांगा लावून उभे राहिले.

रस्ते परत आले, पक्षी परत आले, पायपीटही आली. पण २००४ साली ज्या शिखराला पोचण्यास सामान्य खेळाडूला महिने लागत, तेथे या वेळी पहिला खेळाडू चार दिवसांच्या आत पोचला. कारण उघड आहे. प्रत्येक वळण पंधरा वर्षांत लिहून, मोजून, चित्रित करून ठेवलेले होते. कंपनीला अंतर परत देता आले. अज्ञान परत देता आले नाही. होफरचा रोगी घरी पोचला खरा, पण त्याला घरातली प्रत्येक फरशी पाठ होती.

तथापि पुढची घडामोड मला अधिक बोधक वाटते. काही खेळाडूंनी आपणहून नियम केला, की पात्र एकदा मेले की कायमचे मेले. ऑगस्ट २०२३ मध्ये कंपनीने अशा खेळासाठी वेगळे सर्व्हरच उघडले. तेथे महिनाभर वाढवलेले पात्र एका चुकीने जाते. म्हणून माणसे पुन्हा रस्त्याच्या कडेकडेने चालतात, गुहेच्या तोंडाशी थांबतात, आणि समोरून येणाऱ्याला विचारतात, की पुढे काय आहे. नकाशा प्रत्येकाजवळ असतो, तरीही विचारतात.