मोटारसायकलची बॅटरी वारंवार कां उतरते?

पहाटे दूध डेअरीस पोंचवावयाचें असतें, किंवा रात्रपाळीची वीज आली म्हणून दारें धरावयास मळ्यांत जावयाचें असतें. आणि नेमक्या त्याच वेळीं बटण दाबतांच गाडी 'कट्' असा एकच आवाज करून मुकी होते. असें दोनदां झालें कीं, आपले शेतकरी बंधु नवी बॅटरी आणतात. महिना-दोन महिने बरे जातात, आणि पुन्हां पहिले पाढे पंचावन्न! दोष बॅटरी भरणाऱ्या यंत्रणेंत असेल तर नवी बॅटरीहि जुनीच्याच वाटेनें जावयाची.

बॅटरी हा हौद समजावा. इंजिनाबरोबर चुंबक फिरूं लागलें कीं, स्टेटरच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. ही वीज उलटसुलट वाहणारी असते. रेक्टिफायर तिला एका दिशेस लावतो आणि रेग्युलेटर तिचा दाब मर्यादेंत ठेवतो. हीं दोन्ही कामें बहुधा एकाच डबींत होतात. तेव्हां हौद रिता राहण्याचीं कारणें तीन: हौद फुटका आहे, वरून पाणी येत नाहीं, किंवा कोठें तरी चोरपाझर आहे.

परीक्षेस एक साधें मल्टीमीटर पुरे. प्रथम टर्मिनल पाहावींत; सैल असल्यास आवळावींत, पांढरा-हिरवा क्षार चढला असल्यास खरवडून काढावा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२ व्होल्टची भरलेली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखविते. १२ च्या खालीं आंकडा आला तर ती रिकामी झाली असें समजावें. ती बाहेर चार्ज करून मग सेल्फ मारून पाहावा. त्या क्षणीं आंकडा ९.५ च्या बराच खालीं कोसळला, तर बॅटरीच निकामी झाली.

आतां महत्त्वाची परीक्षा. इंजिन चालू करून वेग बेतानें वाढवावा व मीटरच्या तारा बॅटरीसच लावाव्या. आंकडा साधारणतः १३.८ ते १४.५ पर्यंत चढला पाहिजे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे; अशी गाडी तशीच चालविल्यास बॅटरी उकळून जाते. आंकडा मुळींच चढत नसेल तर स्टेटरकडून येणारा जोड सोडवावा. पुष्कळ गाड्यांत तेथें एकाच रंगाच्या तीन वायरी असतात. मीटर उलटसुलट विजेच्या खुणेवर ठेवून दोन-दोन वायरींमधील दाब मोजावा. तिन्ही जोड्यांत तो सारखा असून वेगाबरोबर वाढत असेल, तर स्टेटर निर्दोष. दोष पुढील डबींत अथवा जोडांत शोधावा. इंजिन बंद असतां यांतील कोणत्याहि वायरीचा सांगाड्याशीं संबंध लागतां कामा नये. लागल्यास वेटोळें जळलें.

आमच्या मळ्यावरील गाडीस दोन बॅटऱ्या खर्ची पडल्यावर आम्हीं सीट काढून पाहिलें, तों रेग्युलेटरचा जोड वितळून काळा पडलेला! तो बदलावयास अर्धा तासहि लागला नाहीं. खतांच्या पोत्यांशेजारीं गाडी ठेवल्यानें जोड गंजतात, आणि उंदरांचें तर विचारूंच नये.

चार्जिंग ठीक असूनहि उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर चोरपाझर शोधावा. किल्ली बंद करून बॅटरीची ऋण वायर सोडावी व मध्यें मीटर अँपिअरवर लावावें. कांहीं मिलिअँपिअर प्रवाह चालतो. अधिक असल्यास एकेक फ्यूज काढीत जावें. ज्या फ्यूजानें आंकडा घसरेल, त्या वाटेवर दोष आहे. बहुधा बाहेरून जोडलेला हॉर्न वा जादा दिवाच सांपडतो. मीटर असें लावलें असतां सेल्फ मात्र मारूं नये.

इंजिन चालू ठेवून बॅटरी काढून पाहण्याची जुनी रीत सोडून द्यावी. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन विद्युत्-नियंत्रित इंधन फवारणी आली. त्या रीतीनें तिचा मेंदूच जळण्याचें भय असतें. जळालेल्या फ्यूजाच्या जागीं तांब्याची तार गुंडाळणें हा तसाच आत्मघात. दुधाच्या कॅनसाठीं कॅरिअर वेल्डिंग करवितांना बॅटरीच्या दोन्ही वायरी, आधीं ऋण व मग धन, सोडवून ठेवाव्या. जोडतांना धन आधीं.