विकासाच्या खात्यात भूमिहीन

पनवेल–रोहे लोहमार्गावरील जिते हे गाव पेण तालुक्यात येते. या तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात असलेल्या २२ गावांच्या शेतकऱ्यांचे मत शासनाने २१ सप्टेंबर २००८ रोजी अजमावले. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यावयाची की नाही, हा प्रश्न होता. मतदान करणाऱ्यांनी प्रचंड बहुमताने नकार दिला आणि पुढे ते भूसंपादन मुदतीत पूर्ण झाले नाही. चीनने १९८० मध्ये शेनझेन येथे आरंभलेला प्रयोग आपल्याकडे २००५ च्या कायद्याने आला. त्याला या शेतकऱ्यांनी दिलेले उत्तर आम्ही मोलाचे मानतो.

तथापि, प्रश्न खातेदाराला विचारला गेला. ज्याच्या नावे सातबारा नाही, पण त्याच शेतात जो लावणी-कापणी करतो, त्या बौद्ध वा कातकरी मजुराचे काय? १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला जमिनीतील हितसंबंधाला होता. मजुरी हा हितसंबंध नव्हता.

दीघनिकायातील कूटदन्त सुत्त येथे पाहण्याजोगे आहे. चोरांनी त्रस्त झालेल्या राज्यात राजा महाविजिताला यज्ञ करावयाचा असतो. पुरोहित त्याला सांगतो की, नवा कर लादणे अन्याय्य ठरेल आणि वध-बंधनाने चोरी समूळ जाणार नाही. शेती व गोपालन करणाऱ्यांना बी-बियाणे आणि अन्न द्यावे, व्यापाऱ्यांना भांडवल द्यावे, राजसेवकांना वेतन द्यावे. येथील 'उस्सहन्ति' हे क्रियापद लक्षणीय आहे. त्याचा अर्थ 'जे उद्यम करतात'. मदतीची कसोटी मालकी नसून उद्यम आहे. (सुत्त म्हणजे जमीनविषयक कायदा नव्हे, हे आम्ही जाणतो.)

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले. शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जमीन जातिभेद न मानता गावकऱ्यांना सामूहिकपणे कसावयास द्यावी, म्हणजे भूमिहीन हा वर्गच राहणार नाही, अशी त्यांची योजना होती. ती अमलात आली नाही.

२०१३ च्या कायद्याने मात्र संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात राबणाऱ्या शेतमजुराचे कुटुंब 'बाधित' मानले. खरी अडचण पुराव्याची आहे. पावसाळ्यात शेतावर आणि उन्हाळ्यात वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाची मजुरी कोणत्या वहीत नोंदलेली असते? यासाठी प्रकल्पाची वाट न पाहता प्रत्येक ग्रामसभेने भूमिहीन मजुरांची यादी दरवर्षी ठरावात नोंदवून घ्यावी, असे आम्हांस वाटते.