पंधरा दिवसांपूर्वी जुलाब झाले होते का?

आज बोलायचंय पॅथॉलॉजिस्टबद्दल. रक्त-लघवी तपासणारे डॉक्टर एवढीच त्यांची ओळख आपल्याला असते. रिपोर्टखाली सही दिसते, माणूस दिसत नाही. पण जानेवारी २०२५ मध्ये आमच्या धायरीत आणि शेजारच्या नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला या सिंहगड रोडच्या पट्ट्यात जी घबराट उडाली, तिचा माग काढण्यात या सहीवाल्या माणसांचा मोठा हात होता.

काय होत होतं तेव्हा? धडधाकट माणसाच्या पायाला सकाळी मुंग्या यायच्या. मग चप्पल पायातून निसटायची, जिना चढवत नसे. दोन-चार दिवसांत हात गळायचे, काहींना गिळता येईना, श्वास घेता येईना. कुणी म्हणालं वारं गेलं, कुणी म्हणालं लकवा. पण लकव्यात बहुधा शरीराची एकच बाजू जाते. इथं दोन्ही पाय सारखेच जात होते, आणि दुखणं खालून वर चढत होतं. पेपरात नाव आलं जीबीएस, म्हणजे गुइलेन-बॅरे सिंड्रोम. एरवी वर्षाला लाखात एक-दोघांना होणारा हा आजार. फेब्रुवारी संपेपर्यंत राज्यातल्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. त्यातले बहुतेक पुणे आणि आसपासचे.

असा क्वचित होणारा आजार ओळखायचा कसा? डॉक्टर आधी गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघतात. पाय उडाला नाही तर शंका येते. मग मज्जातंतूंमधून वीज किती वेगाने जाते ते मशीनवर तपासतात. आणि मग पाठीतलं पाणी काढतात. या पाण्याची आपल्याकडे फार भीती, की सुई टोचली की माणूस कायमचा अधू होतो. तसं नसतं. मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्याही खाली सुई घालतात. मेंदूज्वरात या पाण्यात प्रथिनं वाढतात आणि पांढऱ्या पेशीही वाढतात. जीबीएसमध्ये प्रथिनं वाढतात, पेशी मात्र वाढत नाहीत. ही खूण १९१६ साली फ्रान्समध्ये गुइलेन, बॅरे आणि स्ट्रोल या तीन डॉक्टरांनी दोन सैनिकांवरून लिहून ठेवली. आजही तीच बघतात. पहिल्या आठवड्यात मात्र पाणी साफ येऊ शकतं, म्हणून एका रिपोर्टवर डॉक्टर थांबत नाहीत.

आता खरा प्रश्न. एकाच पट्ट्यात इतकी माणसं का? रुग्णांच्या शौचाचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत गेले. काहींमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू सापडला, काहींमध्ये नोरोव्हायरस. दोन्ही पोटाचे. पाय गेले आणि चूक निघाली पोटात, हे आम्हालाही आधी पटेना. पण ते असं आहे: या जंतूचं वरचं आवरण आणि आपल्या मज्जातंतूंवरचं आवरण जणू एकाच ताग्यातून फाडलेलं कापड. शरीर जंतूला मारायला निघतं आणि त्याच कापडाच्या ओळखीवर स्वतःच्याच नसांवर तुटून पडतं. त्याला एक ते तीन आठवडे लागतात. तोवर जुलाब थांबलेले असतात, घरचे विसरलेले असतात, जंतूही बऱ्याचदा पोटातून निघून गेलेला असतो. मग तपासणीत काही सापडत नाही. अशा वेळी घरच्या बाईने दिलेलं उत्तर रिपोर्टइतकंच मोलाचं ठरतं.

आणि माणूस गेलाच तर? जानेवारीच्या शेवटी सोलापुरात या आजाराच्या संशयित रुग्णाचा मृत्यू झाला, तेव्हा तिथं शवविच्छेदन करून नमुने पुढच्या तपासणीला पाठवले. आपल्याकडे त्याला चिरफाड म्हणतात, शब्दच अंगावर येतो. पण पोलीस केस नसेल, नुसतं मृत्यूचं कारण शोधायचं असेल, तर नातेवाइकांची संमती घ्यावी लागते. नंतर शरीर नीट शिवून देतात. पूर्वी सूर्यास्तानंतर शवविच्छेदन होत नसे. नोव्हेंबर २०२१ पासून सोय असलेल्या रुग्णालयांत ते रात्रीही करता येतं. खून, आत्महत्या, बलात्कार अशा संशयाच्या केसेस सोडून.

जीबीएसमध्ये नुसत्या डोळ्यांना नसा ठीकच दिसतात. म्हणून त्यांचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, मेणात बसवतात, आणि केसाच्या जाडीच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शाइतकी पातळ चकती कापून रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली नसेभोवती जमलेल्या पेशी आणि कुरतडलेलं आवरण दिसतं. या कामाला दिवस लागतात. रिपोर्ट उशिरा येतो तो दर वेळी कुणी दडवतं म्हणून नव्हे. आणि नसेत काहीच दिसलं नाही तर शोध दुसरीकडे वळतो: हृदय, फुप्फुसात अडकलेली गाठ, विष. खेड्यात आणखी एक लक्षात ठेवायला हवं. मण्यार रात्री झोपेत चावते, दुखत नाही, वळ उठत नाही. तिच्यातही माणूस लुळा पडतो, पण आधी पापण्या मिटू लागतात, म्हणजे दुखणं वरून खाली येतं. सकाळी पोटात दुखतंय आणि डोळे उघडत नाहीत असं कुणी म्हणालं, तर देवऋषाकडे न थांबता दवाखाना गाठा.

जीबीएसवर उपचार आहेत, बहुतेक रुग्ण सावरतात, पण दिवस वाया घालवून चालत नाही. पाय गळाले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. सोबत जाणारीने चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: मागच्या महिन्यात जुलाब-ताप कधी झाला, पाणी विहिरीचं, नळाचं की जारचं, बाहेरचं किंवा कच्चं-अर्धवट शिजलेलं चिकन खाल्लं होतं का, आणि आळीत आणखी कुणाला असं झालंय का. जारचं पाणी शुद्धच असतं असं धरू नका. आमच्या भागात तपासणीत पाणी दूषित निघाल्यावर महापालिकेने काही खासगी आरओ प्लांट बंद केले होते.