बॉडी लिफ्ट: पार्किंगमध्ये बोल्ट सोडण्याआधी

नेहमीसारखा हा आपल्या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातलं "म्हणजे" आणि "काय ना" थोडं कमी केलंय, बाकी जसं बोललो तसंच.

या वेळचा प्रश्न कल्याणच्या एका श्रोत्याचा. त्याने जुनी थार घेतलीय, एमएच ०५ पासिंगची. तो विचारतो, "दादा, दोन इंचाचं बॉडी लिफ्ट किट मिळतंय. रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी आणि भाऊ मिळून बसवू शकतो का?"

बसवू शकता. हत्यारं असतील तर दोघांचं दीड-दोन दिवसांचं काम आहे. पण माझा सल्ला आहे की रोज रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला ते करू नका. का, ते नीट सांगतो.

वर काय जातं?

थार, जिप्सी, जिमनी, स्कॉर्पिओ-एन या गाड्यांना खाली शिडीसारखी चॅसिस असते. इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, सस्पेन्शन सगळं तिच्यावर. बॉडी वेगळी असते आणि रबरी माउंटांवर बोल्टने बसवलेली असते. बॉडी लिफ्ट म्हणजे माउंट आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे घालून बॉडी उचलायची. क्रेटा, ब्रेझासारख्या गाड्यांत बॉडी आणि चॅसिस एकच, त्यामुळे तिथे हा विषयच येत नाही.

आता बघा, या ठोकळ्यांनी ॲक्सल जागचा हलत नाही. मागचा डिफरन्शियल, म्हणजे दगडाला सगळ्यात आधी घासणारा तो गोळा, आधी जितका खाली होता तितकाच राहतो. मग मिळतं काय? चाकाच्या वर दोन इंच मोकळी जागा, मोठा टायर बसवायला.

नव्या थारच्या एका मॉडेलला २४५/७५ आर १६ टायर येतो. त्याचा व्यास सुमारे ७७४ मिमी. त्याजागी २६५/७५ आर १६ घातला तर ८०४ मिमी. फरक ३० मिमी, पण ॲक्सल उचलला जातो निम्माच, १५ मिमी. म्हणजे बॉडी ५० मिमी वर आणि खालची खरी जागा वाढली १५ मिमी. त्यात स्पीडोमीटर चुकतो: काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी साधारण ८३ ने चाललेली असते. आणि बॉडीचं वजन, आत बसलेल्या माणसांसकट, दोन इंच वर गेल्यामुळे माळशेजच्या वळणावर गाडी आधीपेक्षा जास्त झुकते.

बॉडी आणि चॅसिसच्या मधून काय काय जातं?

घरी काम करणारे फसतात ते इथेच. मागच्या वर्षी टिटवाळ्याजवळ एका मित्राच्या शेतावर आम्ही त्याची जुनी जीप उचलली. ती शेताच्या बाहेर जात नाही. आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारलं होतं, तरी दोन बोल्ट तुटले आणि अर्धा दिवस त्यातच गेला.

पद्धत अशी. जमीन सपाट हवी. पार्किंगच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार असतो, तो आधी तपासा. चाकांना पुढून-मागून अडणी लावा, बॅटरीची निगेटिव्ह काढा. एका बाजूचे बोल्ट पूर्ण काढायचे, दुसऱ्या बाजूचे फक्त ढिले करायचे. जॅक आणि बॉडी यांच्यात जाड लाकडी फळी घालायची, नाहीतर पत्रा आत जातो. मग थोडं थोडं उचलायचं आणि दर इंचाला थांबून काय ताणलं जातंय ते बघायचं. ठोकळा घालताना बोटं फटीत न्यायची नाहीत. नुसत्या जॅकवर टेकलेल्या बॉडीखाली हात किंवा डोकं, काहीच नाही.

ताणलं जाण्यासारखं बरंच असतं: ब्रेकच्या लाइन, हँडब्रेकची केबल, डिझेल भरायच्या नळीचा होज, अर्थिंगची पट्टी, हीटर आणि एसीचे पाइप, गिअरचे दांडे. रेडिएटर बॉडीबरोबर वर जात असेल तर पंखा त्याच्या आवरणाला खालून घासतो. बंपर चॅसिसवर असेल तर वर दोन इंचांची फट दिसते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्टिअरिंगचा शाफ्ट. स्टिअरिंग व्हील बॉडीवर, स्टिअरिंग बॉक्स चॅसिसवर. मधला शाफ्ट एकात एक सरकणारा असतो. आमच्या जीपमध्ये बॉडी वर गेली, सगळं घट्ट झालं, स्टिअरिंग छान फिरत होतं. मित्र म्हणाला, "चल, एक चक्कर मारू." मी सहज टॉर्च मारला तर शाफ्टचे दाते एकमेकांत जेमतेम बोटाच्या पेराएवढे अडकलेले. एका मोठ्या धक्क्यात ते सुटले असते आणि हातात नुसतं गोल चाक राहिलं असतं. लांब शाफ्ट येईपर्यंत गाडी तिथेच उभी राहिली.

ठोकळे नायलॉन, पॉलियुरेथेन किंवा ॲल्युमिनियमचे, एकसंध. लाकूड नको, पाइपचे तुकडे नकोत, एकावर एक रचलेले वॉशर तर अजिबात नकोत. बोल्ट लांब आणि १०.९ ग्रेडचे. ठोकळा जितका उंच, तितका बोल्टवर वाकवणारा जोर जास्त. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासायचे.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नूतनीकरणाला गाडी आरटीओत तपासणीला न्यावीच लागते. जुनी थार असेल तर तो दिवस फार लांब नाही. आणि अपघात झाला तर न कळवलेला बदल हे विमा कंपनीला क्लेम नाकारायला कारण मिळतं. त्यात समोरच्याला लागलेलं असेल तर प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही.

मग करायचं काय?

मुरबाडच्या पुढे चिखलात जायचं असेल तर मूळ मापाचेच चांगले ऑल-टेरेन टायर घ्या. चिखलात हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरी लागायच्या आधी परत भरा. त्यासाठी छोटा कंप्रेसर गाडीत ठेवा. खाली डिफरन्शियल कुठे आहे ते लक्षात ठेवून दगड चाकाखाली घ्यायला शिका, दोन चाकांच्या मधे नको.

तर कल्याणकर मित्रा, किट अजून उघडलं नसशील तर परत कर. उघडलंच असेल तर निदान रविवारी भावाला घेऊन गाडीखाली टॉर्च मार आणि स्टिअरिंगचा शाफ्ट कुठून कुठे जातो ते बघून ये. तेवढ्यासाठी एकही बोल्ट सोडावा लागत नाही.

भेटू पुढच्या भागात.