बंद पाकिटातील अन्न आणि ग्राहकाचा विश्वास

तांदूळ पाखडणे, डाळ निवडणे आणि पीठ चाळणे ही कामे महाराष्ट्रातील घराघरांत पिढ्यानुपिढ्या चालत आली आहेत. निवडताना सुपात खडा निघाला, तर गृहिणी तो बाजूला टाकते आणि पुढच्या कामाला लागते. सुटे धान्य आणले की ते निवडावे लागणार, हे तिने मनाशी धरलेलेच असते. बंद पाकिटाची गोष्ट निराळी आहे. बिस्किटाचा पुडा, दुधाची भुकटी, लोणच्याची बरणी किंवा लहान मुलाचे खाद्य विकत घेताना आतला जिन्नस हाताळता येत नाही, त्याचा वास घेता येत नाही आणि बहुधा तो डोळ्यांना दिसतही नाही. निवडण्या-पाखडण्याचे काम येथे उत्पादकाने आपल्या शिरावर घेतलेले असते व त्याचे मोल ग्राहकाने किमतीतून चुकते केलेले असते. अशा पाकिटात खिळा, काचेचा तुकडा, केस किंवा अळी सापडली, तर ग्राहकाला किळस तर येतेच. पण त्याहूनही अधिक, आपला विश्वासघात झाला असे वाटते.

ही भावना रास्त आहे. परंतु पाकीट रागाने केराच्या टोपलीत फेकून दिल्याने काहीच निष्पन्न होत नाही. सापडलेली वस्तू ही एक मोलाची माहिती असते. ती योग्य ठिकाणी पोहोचली, तर त्याच दिवशी, त्याच यंत्रावर भरल्या गेलेल्या इतर असंख्य पाकिटांच्या ग्राहकांचे रक्षण होऊ शकते. म्हणून या विषयाची शास्त्रीय आणि कायदेशीर बाजू प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

बाटलीतील गोगलगाय

बंद वेष्टनातील अन्नाबद्दल उत्पादकाची जबाबदारी कोणती, या प्रश्नाचा पाया एका प्रसिद्ध ब्रिटिश खटल्याने घातला. २६ ऑगस्ट १९२८ रोजी स्कॉटलंडमधील पेस्ली या गावी मे डोनोग्यू नावाची महिला मैत्रिणीसह एका उपाहारगृहात गेली. मैत्रिणीने तिच्यासाठी जिंजर बीअरची बाटली मागविली. बाटली गडद रंगाच्या अपारदर्शक काचेची होती. थोडे पेय पिऊन झाल्यावर उरलेले ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असे डोनोग्यू यांचे म्हणणे होते. बाटली त्यांनी स्वतः विकत घेतलेली नव्हती. त्यामुळे विक्रेत्याशी किंवा उत्पादकाशी त्यांचा कोणताही करार नव्हता. तरीही १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी असा निर्णय दिला की, मधल्या कोणालाही तपासता येणार नाही अशा स्वरूपात जो उत्पादक आपला माल बाजारात पाठवितो, त्याच्यावर अंतिम ग्राहकाची काळजी घेण्याचे कर्तव्य येते. गोगलगाय बाटलीत खरोखर होती काय, हे न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाही, कारण प्रकरण पुढे तडजोडीने मिटले. तत्त्व मात्र टिकले, आणि भारतीय न्यायालयांनीही त्याचा आधार घेतलेला आहे.

परका पदार्थ येतो कोठून?

अन्नात शिरणाऱ्या परक्या पदार्थांचे मार्ग मुख्यतः पाच आहेत. पहिला मार्ग कच्च्या मालाचा. शेतातून आणि खळ्यावरून धान्याबरोबर खडे, माती, काड्या व तारेचे तुकडे येतात. दुसरा मार्ग यंत्रांचा. झिजलेल्या पात्याचा कपचा, सैल झालेला स्क्रू, जाळीची तुटलेली तार किंवा रबरी पट्टीचा तुकडा मालात मिसळतो. तिसरा मार्ग माणसांचा. केस, गुंडी, अंगठी किंवा जखमेवरील चिकटपट्टी कामगाराच्या अंगावरून मालात पडू शकते. चौथा मार्ग इमारतीचा. फुटलेला दिवा, उडालेला रंग, उंदीर व झुरळे यांचा त्यात समावेश होतो. पाचवा मार्ग साठवणीचा आणि वाहतुकीचा. माल कारखान्यातून निर्दोष निघाला, तरी कोंदट गोदामात किंवा दुकानाच्या फळीवर त्याला कीड लागू शकते. काही किडी पातळ कागद व प्लास्टिक कुरतडून आत शिरतात, तर काही वेष्टनाच्या सैल सांध्यांतून वाट काढतात.

कारखान्यातील पहारेकरी

या पाचही वाटांवर पहारा ठेवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आली. अंतराळवीरांचे अन्न पूर्णपणे निर्धोक असावे या गरजेतून नासा, अमेरिकी लष्कराची नॅटिक येथील प्रयोगशाळा आणि पिल्सबरी ही कंपनी यांनी ती विकसित केली. तयार मालातील काही नमुने तपासून समाधान मानण्याऐवजी, प्रक्रियेत धोका कोठे निर्माण होऊ शकतो हे आधी शोधावे आणि त्या प्रत्येक ठिकाणी नियंत्रण ठेवावे, हे तिचे सूत्र आहे. आज ही पद्धत ‘हॅसेप’ या संक्षिप्त नावाने जगभर ओळखली जाते.

तिच्यातील साधने तशी समजण्यास सोपी आहेत. चाळण्या आकाराने मोठे पदार्थ अडवितात. लोहचुंबक लोखंडाचे कण ओढून घेतो. धातुशोधक यंत्रातून पाकीट जाताना यंत्राच्या चुंबकीय क्षेत्रात बदल झाला, की ते पाकीट आपोआप बाजूला ढकलले जाते. लोखंड या यंत्राला सहज सापडते. स्टेनलेस स्टील शोधणे मात्र अवघड जाते, आणि पदार्थ ओला व खारट असेल तर अडचण आणखी वाढते. काच, खडा किंवा हाड यांसाठी क्ष-किरण यंत्र वापरतात, कारण ते पदार्थाच्या घनतेतील फरक टिपते. केस, कागद व पातळ प्लास्टिक मात्र त्याच्याही नजरेतून निसटतात. कोणतेच यंत्र सर्वदर्शी नसल्यामुळे स्वच्छता, डोक्यावरील टोपी, झाकलेले दिवे आणि दक्ष कामगार यांची गरज कायम राहते. अन्नप्रक्रिया कारखान्यांत जखमेवर बांधण्याची पट्टी बहुधा निळ्या रंगाची असते व तिच्यात धातूची बारीक पट्टी बसविलेली असते. निळ्या रंगाचे अन्न क्वचितच असल्याने ती डोळ्यांना चटकन दिसते, आणि डोळे चुकले तर धातुशोधकाला सापडते.

माणूस आणि यंत्र यांपैकी कोणीही गाफील राहिल्यास काय घडते, हे जून २०२४ मध्ये मुंबईकरांनी पाहिले. मालाड येथील एका डॉक्टरला ऑनलाइन मागविलेल्या आइस्क्रीमच्या कोनात मानवी बोटाचा तुकडा आढळला. त्याने तो टाकून न देता पोलिसांच्या स्वाधीन केला. केंद्रीय प्राधिकरणाने उत्पादकाचा परवाना निलंबित केला. पुणे जिल्ह्यातील इंदापूर येथील कारखान्यात एका कर्मचाऱ्याच्या बोटाला अपघात झालेला होता व तुकडा त्याचाच असल्याचे डीएनए चाचणीतून निष्पन्न झाले. तुकडा जपून ठेवला नसता, तर हा शोध लागलाच नसता.

दिसते ते सारेच परके नसते

तक्रार करण्यापूर्वी एक विवेक बाळगणे इष्ट आहे. चॉकलेटवर आलेला पांढुरका थर ही पुष्कळदा बुरशी नसते. उष्णतेने वितळलेली चरबी पुन्हा गोठताना पृष्ठभागावर येते, तिचा तो थर असतो. थंडीत मधात दिसणारे खडे ही त्यातील नैसर्गिक शर्करा असते. डबाबंद माशांत कधी काचेसारखे स्फटिक आढळतात; ते कोमट व्हिनेगरमध्ये विरघळले, तर माशातीलच क्षारांपासून बनलेले आहेत असे समजावे. काच विरघळत नाही.

किडीच्या बाबतीतही प्रयोगशाळेला बरेच काही सांगता येते. कीटकांच्या शरीरात काही विकरे असतात व ती उष्णतेने नष्ट होतात. भाजलेल्या बिस्किटात सापडलेल्या किड्यामध्ये ही विकरे कार्यक्षम आढळली, तर तो भट्टीनंतर शिरला असा निष्कर्ष काढता येतो. वेष्टनातील छिद्राच्या कडा कोणत्या बाजूस वळल्या आहेत, यावरून कीड आत शिरली की बाहेर पडली याचा अंदाज बांधता येतो. वस्तू आणि वेष्टन हे दोन्ही जपून ठेवणे किती आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात येईल.

महाराष्ट्रातील एक बोलके उदाहरण

ऑक्टोबर २००३ मध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मुंबईतील काही ग्राहकांना कॅडबरी कंपनीच्या डेअरी मिल्क चॉकलेटमध्ये अळ्या आढळल्या. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने पुण्याच्या कारखान्यात तयार झालेल्या मालाचा साठा जप्त केला. दुकानांतील अयोग्य साठवणीमुळे कीड लागली असावी, असे कंपनीचे म्हणणे होते. तर वेष्टन पुरेसे बंदिस्त असते तर कीड आत शिरलीच नसती, असे प्रशासनाचे प्रतिपादन होते. वाद काहीही असो, ग्राहकाने आपला कौल दिला आणि सणासुदीच्या दिवसांत विक्री लक्षणीय घटली.

पुढील घटना बोधप्रद आहेत. कंपनीने दुकानदारांना साठवणीचे शिक्षण देण्याची मोहीम हाती घेतली आणि तिला नावच ‘विश्वास’ असे दिले. जानेवारी २००४ मध्ये उष्णतेने सांधे बंद केलेले नवे दुहेरी वेष्टन बाजारात आले. अमिताभ बच्चन यांच्या जाहिराती गाजल्या. परंतु जाहिरातीच्या मागे वेष्टनातील प्रत्यक्ष सुधारणा उभी होती, हे विसरता येणार नाही. चूक कोणाच्या पदरी घालावी यावर शब्द खर्च करून विश्वास परत येत नाही. कारखान्यापासून फळीपर्यंतची संपूर्ण साखळी आपली मानली, तरच तो परत येतो.

कायद्याचे बळ

अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा, १९५४ याची जागा आता अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याने घेतली असून त्याची अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाली. या कायद्याच्या कलम ५४ नुसार बाह्य पदार्थ असलेले अन्न तयार करणाऱ्यास, साठविणाऱ्यास किंवा विकणाऱ्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अळ्या-किडे पडलेले अन्न कायद्याच्या व्याख्येनुसार असुरक्षित ठरते. असुरक्षित अन्नामुळे मृत्यू ओढवल्यास किमान ७ वर्षे ते जन्मठेपेपर्यंत कारावासाची आणि किमान १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. कलम ६५ अन्वये मृत्यूच्या प्रकरणी किमान ५ लाख, गंभीर इजेसाठी ३ लाखांपर्यंत व अन्य इजेसाठी १ लाखापर्यंत भरपाई देण्याचा आदेश होऊ शकतो. सदोष माल बाजारातून परत मागविण्याची कार्यपद्धती २०१७ च्या विनियमांनी ठरवून दिलेली आहे.

याखेरीज ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीस शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. आवश्यक वाटल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवितो.

ग्राहकाने काय करावे?

पदार्थ खाणे तत्काळ थांबवावे. इजा झाली असल्यास डॉक्टरांकडे जाऊन उपचाराचे कागद जपावेत. सापडलेली वस्तू धुऊ नये. ती उरलेल्या पदार्थासह स्वच्छ पिशवीत किंवा डब्यात बंद करून, नाशवंत असल्यास शीतकपाटात ठेवावी. वेष्टन फेकू नये. त्यावरील बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि १४ अंकी परवाना क्रमांक हीच तपासाची किल्ली असते. छायाचित्रे काढावीत व पावती जपावी. त्याच बॅचचे न उघडलेले पाकीट मिळाल्यास तेही राखून ठेवणे उपयुक्त ठरते. असे पाकीट विकत घेतेवेळीच ते तपासून घेण्याचा आपला हेतू विक्रेत्यास सांगितल्यास, कलम ४० नुसार शुल्क भरून ते अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येते. दोष आढळल्यास हे शुल्क परत मिळते.

तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क दूरध्वनीवर किंवा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर नोंदविता येते. उत्पादकालाही लेखी कळवावे. परंतु एखादे भेटीचे खोके स्वीकारून मूळ वस्तू त्याच्या प्रतिनिधीच्या हाती देऊन मोकळे होऊ नये. पुरावा गेला, की त्या बॅचची माहितीही गेली. तक्रार खरी आणि नेमकी असावी, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. खोट्या तक्रारींमुळे प्रामाणिक उत्पादकाचे नुकसान होते आणि खऱ्या तक्रारींचे वजन घटते.

सामूहिक विश्वास

महाराष्ट्र ही देशातील ग्राहक चळवळीची एक प्रमुख कर्मभूमी आहे. १९६६ मध्ये मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी, १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत व १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. एकट्या ग्राहकाचे गाऱ्हाणे संघटित झाले की त्याचे बळ वाढते, हे या संस्थांनी दाखवून दिले. आता पाखडण्याचे काम घरातून कारखान्यात गेले असले, तरी राखण करण्याचे काम ग्राहकाकडेच राहिले आहे. बॅच क्रमांकासह नोंदविलेली एक तक्रार अनोळखी घरातील एखाद्या बालकाच्या ताटातील घास निर्धोक करू शकते. दक्ष ग्राहक, जबाबदार उत्पादक आणि तत्पर प्रशासन या तिघांनी आपापला वाटा उचलला, तर बंद पाकिटावरील विश्वास खऱ्या अर्थाने सार्थ ठरेल.